‘गलगंड’ ह्या नावाची व्याप्ती आणि मर्यादा

आहारातील खनिजद्रव्यांचे त्यांच्या दैनंदिन गरजेच्या परिमाणानुसार दोन वर्ग करण्याची प्रथा आहे. कॅल्शियम, फॉस्फरस, सोडियम, पोटॅशियम, मॅग्नेशियम ही द्रव्ये दररोज शंभर मिलिग्रॅमपेक्षा अधिक प्रमाणात लागतात. लोह, जस्त, तांबे, मँगॅनीज, सेलेनियम, आयोडीन इत्यादींची गरज त्याहून पुष्कळच कमी असते. ह्या दुसऱ्या वर्गास ‘लेशमूलद्रव्ये’ अशी संज्ञा आहे. ‘लेश’ ह्या शब्दाने परिमाणाचा बोध होतो, महत्त्वाचा नव्हे, हे प्रारंभीच ध्यानात घ्यावयास हवे. भाषेच्या अभ्यासकाने ह्या विषयाकडे वळण्याचे कारण असे की, आयोडीनच्या बाबतीत रोगाच्या नावाने रोगाची कल्पनाच दीर्घकाळ संकुचित करून ठेवली, आणि त्याचे परिणाम केवळ कोशापुरते राहिले नाहीत. प्रस्तुत लेखात त्याचा थोडक्यात परामर्श घ्यावयाचा आहे.

प्रथम शरीरातील व्यवहार पाहू. प्रौढ व्यक्तीस दररोज सुमारे १५० मायक्रोग्रॅम आयोडीन पुरेसे होते. गरोदर व अंगावर पाजणाऱ्या स्त्रीसाठी जागतिक आरोग्य संघटनेने २५० मायक्रोग्रॅमची शिफारस केली आहे. प्रौढाचे प्रमाण धरून सत्तर वर्षांच्या आयुष्याची बेरीज केली तरी ती चार ग्रॅमांच्या आतच राहते. एवढे आयोडीन चहाच्या एका चमच्यात सहज मावेल. परंतु ते एकाच वेळी घेऊन भागत नाही, कारण शरीरातील साठा मर्यादित असतो. ह्या साठ्याचा बहुतांश मानेच्या पुढील भागातील अवटु ग्रंथीत असतो. ही ग्रंथी थायरॉक्सिन नावाचे हॉर्मोन तयार करते व त्याच्या प्रत्येक रेणूत आयोडीनचे चार अणू असतात. आयोडीन अपुरे पडले म्हणजे थायरॉक्सिन कमी पडते. मेंदूच्या तळाशी असलेली पोष ग्रंथी अवटु ग्रंथीस अधिक उत्तेजन देते आणि ती हळूहळू वाढू लागते. अर्थात गळ्याची सूज हा न्यूनतेशी जुळवून घेण्याचा शरीराचा प्रयत्न होय. ह्या व्यवहारात इतर लेशमूलद्रव्येही गुंतलेली आहेत. थायरॉक्सिनचे अधिक क्रियाशील रूपांतर घडविणाऱ्या एंझाइमांत सेलेनियम असते, तर हॉर्मोन तयार करण्याच्या क्रियेस लोहयुक्त एंझाइम लागते.

आता नावांकडे वळू. ‘गलगंड’ हा शब्द प्राचीन आहे. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात ह्या विकाराचे वर्णन आढळते. ‘गल’ म्हणजे गळा व ‘गंड’ म्हणजे फुगवटा, असा त्याचा सरळ विग्रह आहे. इंग्रजीतील ‘गॉयटर’ हा शब्दही गळा ह्या अर्थाच्या ‘गुत्तुर’ ह्या लॅटिन शब्दावरून आला आहे. ग्रंथीच्या ‘थायरॉइड’ ह्या नावाचे मूळ ढाल ह्या अर्थाच्या ग्रीक शब्दात आहे. आपल्याकडे त्यासाठी रूढ झालेला ‘अवटु’ शब्द अमरकोशात मात्र मानेच्या मागील भागाच्या पर्यायांत येतो; परिभाषाकारांनी तो मागून पुढे आणला आहे. ह्या सर्व नावांत स्थान आहे, आकार आहे. कारण मात्र एकाही नावात नाही. ते नसावे हे स्वाभाविकच होते. आयोडीनचा शोधच मुळी १८११ साली लागला. १८२० मध्ये जिनीव्हा येथील वैद्य क्वांदे यांनी गलगंडावर त्याचा प्रयोग केला आणि १८९५ मध्ये बाउमान यांनी अवटु ग्रंथीत आयोडीन असल्याचे दाखविले. कारण हाती आले, नाव मात्र जुनेच राहिले.

नाव डोळ्यांना दिसणाऱ्या लक्षणाचे असले की लक्षही तेथेच खिळते. गलगंड झालेली व्यक्ती हिंडतेफिरते, काम करते. म्हणून ज्या प्रदेशात घरोघरी गलगंड दिसे तेथे तो जवळजवळ नित्याचा मानला जाई. पण गर्भाच्या मेंदूची वाढ थायरॉक्सिनवर अवलंबून असते, आणि गर्भावस्थेच्या पूर्वार्धात ते मुख्यतः मातेकडूनच मिळते. ह्या काळातील तीव्र न्यूनतेमुळे मतिमांद्य, बहिरेपणा, मुकेपणा व खुंटलेली वाढ ही लक्षणे असलेली जडवामनता संभवते, आणि मेंदूची ही हानी पुढे भरून काढता येत नाही. जडवामनतेच्या ‘क्रेटिनिझम’ ह्या पाश्चात्त्य संज्ञेचा इतिहासही बोलका आहे. आल्प्स पर्वतातील फ्रेंच बोलीत ‘ख्रिस्ती’ ह्या शब्दाचेच हे रूप होते व ‘तोही एक माणूसच’ असा त्याचा अभिप्राय होता. करुणेने योजिलेला तो शब्द पुढे शिवी म्हणून रूढ झाला.

गलगंड व आयोडीन यांच्या संबंधाचा एक नामांकित पुरावा आपल्याच देशातला आहे. १९५६ मध्ये व्ही. रामलिंगस्वामी व त्यांच्या सहकाऱ्यांनी हिमालयातील कांगडा खोऱ्यात प्रयोग सुरू केला. खोऱ्याचे तीन विभाग करून दोहोंत आयोडीनची दोन वेगवेगळी संयुगे मिसळलेले मीठ आणि तिसऱ्यात साधे मीठ पुरविण्यात आले. काही वर्षांत पहिल्या दोन विभागांत गलगंडाचे प्रमाण ठळकपणे घटले, तिसऱ्यात तसे घडले नाही. पुढे तिसऱ्या विभागासही आयोडीनयुक्त मीठ मिळाल्यावर तेथेही ते उतरले. जडवामनतेसंबंधीचा निर्णायक पुरावा पापुआ न्यू गिनीतून आला. तेथे १९६६ मध्ये सुरू झालेल्या प्रयोगात गर्भधारणेपूर्वी स्त्रियांना आयोडीनयुक्त तेलाचे इंजेक्शन दिले असता संततीतील जडवामनता टळते, असे दिसून आले.

तरीही नाव बदलण्यास वेळ लागला. भारत सरकारने १९६२ मध्ये जो कार्यक्रम हाती घेतला त्याचे नाव ‘राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम’ असेच होते. १९८३ मध्ये ऑस्ट्रेलियातील संशोधक बेझिल हेट्झेल यांनी ‘आयोडीन-न्यूनता-विकार’ ही संज्ञा सुचविली. तिच्यात अवयवाऐवजी कारण आले, आणि एकवचनाऐवजी अनेकवचन आले. गर्भपात, मृतजन्म, बहिरेपणा, बौद्धिक उणीव आणि गलगंड ही एकाच कारणाची निरनिराळी कार्ये म्हणून एका सूत्रात बसली. १९९२ मध्ये भारतीय कार्यक्रमानेही हे नवे नाव स्वीकारले. दरम्यान १९८० च्या दशकात भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या पाहणीत हिमालयाच्या पट्ट्याबाहेरील जिल्ह्यांतही गलगंड आढळला होता; डोंगराळ भागापुरता हा प्रश्न आहे, ही समजूतही त्यामुळे मागे पडली.

उपाय म्हणून मिठाची निवड झाली, कारण ते गरीब-श्रीमंत सर्वांच्या ताटात असते. ‘मीठ’ शब्दाचे मूळ गोड, रुचकर ह्या अर्थाच्या संस्कृत शब्दात आहे. हिंदीत ‘मीठा’ म्हणजे गोडच. ‘लवणा’चा वारसा आपल्याकडे ‘लोणचे’ आणि ‘अळणी’ ह्या शब्दांत उरला आहे. येथे एका गैरसमजाचा निर्देश करणे अवश्य आहे. समुद्राच्या पाण्यात आयोडीन असते, म्हणून मिठागरातील मिठातही ते पुरेसे असेल, असे अनेकांस वाटते. ते खरे नाही; बाष्पीभवनाने मिळणाऱ्या मिठात ते नगण्य असते, आणि सैंधवाचीही गोष्ट तीच. ते मुद्दाम मिसळावे लागते. भारतात आयोडेटचे संयुग वापरले जाते, कारण उष्ण व दमट हवेत ते अधिक टिकते. खाण्यासाठी बिनआयोडीनच्या मिठाच्या विक्रीवर २००६ पासून देशभर बंदी आहे. ग्राहकाच्या हाती पडताना एक किलो मिठात निदान १५ मिलिग्रॅम आयोडीन असावे, असा दंडक आहे. म्हणजे दहा ग्रॅम मिठातून दिवसाची गरज भागते. रक्तदाबाच्या दृष्टीने मीठ कमी खाण्याचा सल्ला आज दिला जातो व तो योग्यच आहे. मिठातील आयोडीनचे प्रमाण त्यानुसार वाढविता येत असल्यामुळे ह्या दोन उद्दिष्टांत विरोध मानण्याचे कारण नाही.

परिभाषा घडविणाऱ्यांनी ह्या उदाहरणापासून एक व्यावहारिक तत्त्व घ्यावे. ‘गलगंड’ हा शब्द टाकून देण्याची आवश्यकता नाही. एका दृश्य लक्षणाचे नाव म्हणून तो अचूक व सुबोध आहे. परंतु पाठ्यपुस्तकात वा आरोग्यपत्रिकेत संपूर्ण विकारसमूहासाठी तोच योजला, तर ज्या गर्भवतीच्या गळ्यावर सूज नाही तिला तो मजकूर आपल्यासाठी नाही असे वाटेल. वस्तुतः तो सर्वांआधी तिच्यासाठीच आहे.