घाटांतील मोटार आणि तिचा रेडिएटर

जव्हार-मोखाड्याच्या डोंगरांत जुनी मोटार घेऊन हिंडणाऱ्यास साखरशेतासारख्या एखाद्या गावीं तिच्या तोंडांतून वाफ निघतांना पाहावी लागतेच. त्यांतून जुन्या मेटॅडोरमध्यें राहण्याचें बिऱ्हाड थाटलेलें असेल, तर त्या ओझ्यानें इंजिन अधिकच तापतें. अशा वेळीं झांकण उघडण्याची घाई करूं नये. दाबाखालीं पाण्याचा उत्कलनबिंदु १०० अंशांच्या वर जातो. झांकण सैल होतांच पाणी उसळून अंगावर येतें. माझ्या मनगटावरील डाग त्याच घाईचा आहे.

गाडी पुरती निवाल्यावर खालची तोटी उघडून पाणी स्वच्छ पिंपांत धरावें. येथें पाऊस धो धो पडत असला, तरी वैशाखांत बायाबापड्या डोक्यावरून पाणी वाहतात. तें मातींत ओतणें बरें नव्हे. मात्र त्यांत हिरवें शीतकद्रव्य मिसळलेलें असेल, तर गुरांच्या तोंडीं लागूं देऊं नये. तें विषारी असतें. मग दोन्ही रबरी नळ्या सोडवाव्या, बोल्ट काढावे, आणि पंखा व जाळी यांच्यामध्यें पुठ्ठा सरकवून रेडिएटर सरळ वर उचलावा.

तोंडें बंद करून, आंत बेतानें हवा भरून तो पाण्यांत बुडविला, कीं बुडबुडे गळतीची जागा दाखवितात. पितळी असल्यास कथलाचा डाग देतां येतो.

बसवितांना चिरलेल्या नळ्याच पुन्हां लावण्याची काटकसर खोटी. पाणी सावकाश भरावें आणि झांकण उघडें ठेवूनच थंड इंजिन सुरू करावें. अडकलेली हवा निघाली, कीं पातळी उतरते. तेवढें पाणी पुन्हां घालून मगच झांकण लावावें.