सगळ्यांच्या शेतातून निघालेला रस्ता

मुंबईत बांद्रा-खारच्या जुन्या पत्त्यांमध्ये ‘टीपीएस ३’ असं लिहिलेलं आढळतं. पुण्यात शिवाजीनगर-भांबुर्ड्याच्या खरेदीखतांत ‘फायनल प्लॉट नंबर’ असतो. रोज हे पत्ते लिहिणाऱ्यांचंही त्या अक्षरांकडे सहसा लक्ष जात नाही. पण त्यांच्या मागे नगररचनेतली एक विलक्षण करामत आहे. आधी तिथे शेतं होती, वेडीवाकडी, एकमेकांत घुसलेली. सरकारने ती सगळी विकत घेतली नाहीत. तरी काही वर्षांनी त्याच जागी सरळ रस्ते, मैदानं आणि काटकोनातले भूखंड उभे राहिले, आणि त्या भूखंडांचे मालक बहुतांशी आधीचेच होते. मग रस्त्यांना आणि मैदानांना जमीन आली कुठून?

हा प्रश्न किती अवघड आहे हे गावाचा गटनकाशा पाहिल्यावर कळतं. आपली शेतं ओढ्याच्या वळणाने आणि वाटण्यांच्या हिशेबाने कापली गेलेली असतात. तीन भावांत वाटणी झाली की प्रत्येकाला विहिरीपर्यंत पोचणारी लांबलचक पट्टी हवी असते, मग पोटहिस्से पडतात. शेतीला ते चालून जातं, बांधावरून बैलगाडी गेली की झालं. शहर जवळ आलं की मात्र हाच नकाशा घरांचा नकाशा होऊन बसतो. मालक आपापली पट्टी गुंठ्या-गुंठ्याने विकतात, गाडीवाटेची गल्ली होते आणि त्या गल्लीत रुग्णवाहिका वळत नाही. शाळेला जागा कोणीच सोडलेली नसते. महाराष्ट्रात या गुंठेवारीचा पसारा इतका वाढला, की ती नियमित करण्यासाठी २००१ मध्ये वेगळा कायदा करावा लागला.

यावर सरकारला पूर्वापार सुचलेला उपाय भूसंपादनाचा. १८९४ च्या कायद्याने सगळी जमीन घ्यायची, मालकाला पैसे द्यायचे आणि कोऱ्या पाटीवर शहर आखायचं. नवी मुंबई अशीच ९५ गावांच्या जमिनीवर उभी राहिली. त्याची किंमत काय होती हे उरण-पनवेलमध्ये कोणालाही विचारा. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या आंदोलनात पोलिसांच्या गोळीबाराने पाच जणांचा बळी घेतला. त्या लढ्यातून पुढे विकसित जमिनीचा साडेबारा टक्के हिस्सा परत देण्याची योजना आली. आपल्या जमिनीवर शहर वसतं आणि त्याच्या वाढत्या किमतीत आपला वाटा नसतो, हे दुःख साडेबारा टक्क्यांत पुरतं मावणारं नव्हतं.

दुसरा उपाय विकास आराखड्यातल्या आरक्षणाचा. नकाशावर एका शेतावर हिरवा रंग पडतो आणि तिथे बाग ठरते. शेजारच्या शेतावर पिवळा पडतो आणि तिथे इमारती होतात. दोन्ही शेतं सारख्याच मातीची, दोन्ही मालक सारखेच. एकाचं नशीब उघडतं, दुसऱ्याचं कागदावर अडकून राहतं. दहा वर्षांत पालिकेने जमीन घेतली नाही तर मालक नोटीस देऊन आरक्षण रद्द करून घेऊ शकतो. मग त्याला मोकळीक मिळते आणि गाव बागेला मुकतं.

टीपीएस म्हणजे नगररचना योजना हा तिसरा मार्ग, आणि तो बुद्धीला सुखावणारा आहे. मुंबई लोकलच्या तीन जणांच्या बाकावर चौथा येतो, ‘जरा सरका’ म्हणतो आणि तिघेही थोडे थोडे सरकतात. कोणी उठत नाही, तरी जागा निघते. या योजनेतही तसंच होतं. शेजारची शंभर-दोनशे शेतं एकत्र धरतात. मोजणी करून प्रत्येकाचा ‘मूळ भूखंड’ ठरवतात. मग कागदावर सगळे बांध पुसतात, आधी रस्ते, मैदानं आणि शाळा आखतात आणि उरलेल्या जागेत प्रत्येकाला त्याच्या जुन्या जागेच्या शक्य तितक्या जवळ ‘अंतिम भूखंड’ देतात. तो मूळच्यापेक्षा लहान असतो, पण चौकोनी असतो आणि त्याच्या तोंडाशी रस्ता असतो. रस्ता आपल्या शेतातून जावो की शेजाऱ्याच्या, जमीन सगळ्यांचीच थोडी थोडी कमी होते. रेघ कुठे पडली या नशिबाचीच इथे वाटणी होते.

खरी गंमत हिशेबात आहे. सोयीसाठी आकडे धरू. एकाचं ४० गुंठ्यांचं शेत आहे, दर गुंठ्याला १ लाख, म्हणजे ४० लाखांचं. योजनेत त्याला २४ गुंठे मिळाले. त्या दराने ते २४ लाखांचे होतात, म्हणजे त्याचं १६ लाखांचं नुकसान झालं आणि तेवढी भरपाई त्याला द्यावी लागते. पण रस्ते, पाणी, गटारं आली की गुंठ्याचा दर समजा ३ लाखांवर गेला. मग तेच २४ गुंठे ७२ लाखांचे झाले. किमतीत ४८ लाखांची भर पडली, आणि ती भर त्याच्या कष्टातून नव्हे, योजनेतून आलेली. कायदा म्हणतो, या वाढीतला जास्तीत जास्त निम्मा हिस्सा योजनेला द्या. म्हणजे २४ लाख. त्यातून भरपाईचे १६ लाख वजा केले, तर मालकाने भरायचे ८ लाख. त्याच्या पदरात निव्वळ ६४ लाख पडतात, पूर्वी ४० होते. योजनेला रस्त्याची जमीन मिळाली आणि रस्ता बांधायला हातभारही लागला. भरपाईचा पैसा बाहेरून आणावा लागला नाही, तो त्याच जमिनीच्या पोटातून निघाला! शिवाय शेतातल्या विहिरीचं, झाडांचं, बांधकामाचं मूल्य वेगळं धरावं लागतं. शंभर मालक असतील तर ही सगळी आकडेमोड शंभरदा होते आणि प्रत्येकाला सुनावणी मिळते.

ही युक्ती पश्चिम युरोपातून आली. फ्रँकफर्टचे महापौर फ्रांट्स आडिकेस यांच्या शहरासाठी १९०२ मध्ये जमिनीच्या अशा फेरवाटपाचा कायदा झाला. बी. डब्ल्यू. किसान या अधिकाऱ्याने जर्मन कायद्यांवर लिहिलेला अहवाल मुंबई सरकारने १९१३ मध्ये छापला, आणि १९१५ मध्ये मुंबई प्रांताचा नगररचना कायदा आला. भारतातला तो या विषयावरचा पहिला कायदा. १९२३ च्या भूकंपानंतरच्या आगीत टोकियोचा मोठा भाग जळून गेला, तेव्हा तिथेही राखेतल्या भूखंडांची अशीच फेरमांडणी करून रस्ते काढले गेले.

आणि इतकं चांगलं हत्यार आपण महाराष्ट्रात जवळजवळ बाजूला ठेवलं. १९६६ च्या प्रादेशिक नियोजन व नगररचना कायद्यात त्याला भरपूर कलमं आहेत, पण एकेक योजना लवादाच्या पायऱ्या चढताना वर्षानुवर्षं रखडायची. शेवटचा मालक समाधानी होईपर्यंत पहिल्या रस्त्यावर खडी पडायची नाही. मग आरक्षणं आणि एफएसआय, म्हणजे चटईक्षेत्र निर्देशांक, हीच नगररचनेची भाषा झाली. हे आपलं मोठं नुकसान आहे असं मला मनापासून वाटतं. १९६० मध्ये वेगळ्या झालेल्या गुजरातने तोच मुंबईचा वारसा सोबत नेला, १९७६ मध्ये स्वतःचा कायदा केला आणि पुढे १९९९ मध्ये त्यात एक साधी, शहाणी दुरुस्ती केली: प्रारूप योजना मंजूर झाली की रस्त्याची जमीन लगेच ताब्यात, पैशांचा वाद नंतर चालू द्या. अहमदाबादभोवतीच्या ७६ किलोमीटरच्या सरदार पटेल रिंग रोडची बरीच जमीन अशा योजनांतूनच मिळाली.

सर्वांत थक्क करणारी गोष्ट भुजची आहे. २६ जानेवारी २००१ च्या भूकंपात तटाच्या आतलं जुनं शहर कोसळलं. अरुंद गल्ल्यांत ढिगारे पडले आणि मदत आत पोचेना. त्या भरवस्तीत नगररचना योजना आखल्या गेल्या. शेतांवर रेघा मारणं सोपं असतं, इथे पिढ्यानपिढ्यांच्या घरांच्या जोत्यांवर मारायच्या होत्या. जमीन सगळ्यांकडून सारखी घेतली नाही. अगदी लहान जागांना हात लावला नाही, मोठ्या जागांकडून चढत्या प्रमाणात घेतली. नगररचनेच्या कोष्टकात इतकी माणुसकी मावते हे मला तिथे दिसलं.

आता महाराष्ट्र पुन्हा या वाटेवर आला आहे. पुण्याजवळ म्हाळुंगे-माण, उरुळी देवाची-फुरसुंगी आणि नवी मुंबई विमानतळाभोवतीच्या ‘नैना’ क्षेत्रात योजना आखल्या गेल्या. ‘नैना’मध्ये मालकाला ४० टक्के जमीन परत मिळते, आणि तिथल्या शेतकऱ्यांनी त्याला विरोध केला आहे. तो विरोध समजून घ्यायला हवा. साठ टक्के जमीन आज जाते. रस्ता, पाणी आणि वाढलेला भाव उद्या येणार असतो, आणि तो उद्या दहा वर्षं लांबला तर वरचा माझा सुबक हिशेब कोलमडतो. शिवाय हा हिशेब ज्याचं नाव सातबाऱ्यावर आहे त्याचाच. बांधावरच्या झोपडीत राहणारा मजूर आणि भाड्याने राहणारं कुटुंब मूळ भूखंडांच्या यादीत नसतातच. त्यांच्यासाठी कायद्याने दहा टक्क्यांच्या आसपास जमीन आर्थिकदृष्ट्या दुर्बल आणि अल्प उत्पन्न गटाच्या घरांना राखायची तरतूद केली आहे. माझ्या मते योजनेची खरी परीक्षा या दहा टक्क्यांची आहे. रस्ते होतातच, कारण त्यांच्यामुळे भाव चढतो. ही घरं व्हावीत म्हणून मागे लागणारं कोणीतरी लागतं.

मागे लागायची जागाही कायद्यात आहे. प्रारूप योजना प्रसिद्ध झाली की ३० दिवस हरकती आणि सूचना देता येतात. नकाशात आपला भूखंड शोधायला सगळेच जातात. त्याच नकाशावर राखीव घरांचे भूखंड कुठे पडलेत, मोठ्या रस्त्यापासून किती आत, ओढ्याच्या पूररेषेला लागून आहेत का, तिथून शाळा आणि बसथांबा किती लांब, एवढं पाहून चार ओळी लिहून देणं त्या ३० दिवसांत सहज जमतं.