विश्लेषण : समीक्षकांनी झोडपलेला ‘द किसिंग बूथ’ प्रेक्षकांनी पुन्हा पुन्हा का पाहिला?

समीक्षकांनी एखादा चित्रपट निकालात काढावा आणि प्रेक्षकांनी तोच डोक्यावर घ्यावा, हे काही नवे नाही. पण ११ मे २०१८ रोजी नेटफ्लिक्सवर आलेल्या ‘द किसिंग बूथ’ या रोमँटिक कॉमेडीच्या बाबतीत ही दरी फारच मोठी होती. ‘रॉटन टोमॅटोज’ या संकेतस्थळावर त्याला अनुकूल परीक्षणे २० टक्क्यांहूनही कमी मिळाली. दुसरीकडे, हा चित्रपट पाहणाऱ्या दर तिघांपैकी एकाने तो पुन्हा पाहिल्याचे नेटफ्लिक्सने सांगितले. मग चुकले कोण? उत्तर वाटते तितके सरळ नाही. कारण या चित्रपटाच्या प्रेक्षकांचेही एकमत नव्हते.

चित्रपटाची गोष्ट काय?

एल आणि ली हे एकाच दिवशी, एकाच रुग्णालयात जन्मलेले जिवलग मित्र. त्यांच्या आयाही मैत्रिणी. मैत्री टिकावी म्हणून दोघांनी लहानपणीच नियमांची यादी केलेली असते. मित्राच्या नातेवाइकाच्या प्रेमात पडायचे नाही, हा त्यातला एक नियम. शाळेच्या जत्रेत ही दोघे चुंबनाचा स्टॉल, म्हणजेच ‘किसिंग बूथ’, लावतात आणि तिथेच एल लीच्या मोठ्या भावाच्या, नोआच्या, प्रेमात पडते. पुढे लपवाछपवी, भांडण आणि समेट. जोई किंग (एल), जोएल कोर्टनी (ली) आणि जेकब एलोर्डी (नोआ) यांच्या प्रमुख भूमिका असलेल्या या चित्रपटाचे दिग्दर्शन व्हिन्स मार्सेलो यांचे.

समीक्षकांचा आक्षेप कशाला होता?

आक्षेप दोन प्रकारचे होते. पहिला कलात्मक. गोष्ट ठरावीक साच्याची, प्रसंग आधीच कळणारे, पात्रे वरवरची. दुसरा आक्षेप अधिक गंभीर होता. नोआ हा रागीट, मारामाऱ्या करणारा मुलगा आहे. एलशी तिचे काहीही नाते जुळलेले नसताना तो शाळेतल्या इतर मुलांना तिच्यापासून लांब राहण्याचा दम देऊन ठेवतो. एका प्रसंगात तो मोटारीवर हात आपटत तिला गाडीत बसायला फर्मावतो. आणखी एका प्रसंगात एल तोकडा स्कर्ट घालून शाळेत येते आणि एक मुलगा तिच्या अंगाला हात लावतो. पुढे ती त्याच मुलासोबत डेटवर जायला तयार होते. हे सगळे चित्रपट हसत-खेळत मांडतो. मालकी हक्काला प्रेम म्हटले जाते आहे, ही टीका त्यातूनच आली. हार्वे वाइनस्टीन प्रकरणानंतर उसळलेल्या ‘मी टू’ चळवळीला तेव्हा जेमतेम सात महिने झाले होते. त्यामुळे हा आक्षेप अधिक धारदार ठरला.

मग एवढा प्रेक्षक आला कुठून?

तो चित्रपटाच्या आधीपासून होता. बेथ रीकल्स या वेल्समधील मुलीने वयाच्या पंधराव्या वर्षी ही कथा ‘वॉटपॅड’वर लिहायला घेतली. मराठी वाचकांना ‘प्रतिलिपी’ परिचित आहे. वॉटपॅडही तसेच. कोणीही प्रकरणागणिक लिहावे आणि वाचकांनी मोबाइलवर वाचून लगेच प्रतिक्रिया द्यावी. तिथे ही कथा तब्बल १.९ कोटी वेळा वाचली गेली. रीकल्स १७ वर्षांची असताना रँडम हाऊसने तिच्याशी पुस्तकांचा करार केला. म्हणजे शाळकरी मुलीने शाळकरी मुलींसाठी लिहिलेली ही गोष्ट होती. समीक्षकांना जे साचेबद्ध वाटले, ते या वाचकवर्गाला ओळखीचे आणि हवेहवेसे होते. त्यात त्या काळात मोठ्या स्टुडिओंनी चित्रपटगृहांसाठी रोमँटिक कॉमेडी काढणे बरेच कमी केले होते. ती रिकामी जागा नेटफ्लिक्सने हेरली.

पुन्हा पाहण्यातून काय कळते?

दर तिघांपैकी एकाने पुन्हा पाहणे, हे प्रमाण नेटफ्लिक्सवरील चित्रपटांच्या सरासरीपेक्षा ३० टक्क्यांनी अधिक होते. जून २०१८ मध्ये नेटफ्लिक्सचे तेव्हाचे आशयप्रमुख टेड सारँडोस यांनी एका मुलाखतीत हा अमेरिकेत, कदाचित जगातही, सर्वाधिक पाहिल्या गेलेल्या चित्रपटांपैकी एक असल्याचे म्हटले. ‘आयएमडीबी’च्या लोकप्रियता यादीत पंचवीस हजारांच्या आसपास असलेला एलोर्डी काही आठवड्यांत पहिल्या क्रमांकावर गेला, हा दाखलाही त्यांनी दिला.

मात्र रोमँटिक कॉमेडी पुन्हा पाहण्याची कारणे वेगळी असतात. शेवट गोड आहे हे माहीत असते, म्हणूनच ती लावली जाते. परीक्षेच्या ताणात, आजारपणात किंवा मैत्रिणींच्या घोळक्यात आधी पाहिलेली गोष्ट बरी वाटते. समीक्षक चित्रपट बहुधा एकदाच पाहतो आणि त्यात नवे काय, हे शोधतो. हा प्रेक्षक नेमके उलट, जुनेच शोधत असतो.

प्रेक्षकांमध्येही दोन मते कशी?

‘समीक्षक विरुद्ध प्रेक्षक’ असे चित्र रंगवले गेले, तरी ते अपुरे आहे. आवडणाऱ्यांना मुख्यतः एल आणि ली यांची मैत्री भावली. मुलगा आणि मुलगी निखळ मित्र असू शकतात, ही त्यांच्यासाठी प्रेमकथेइतकीच मोलाची बाब होती. जोई किंगच्या विनोदाच्या टायमिंगचेही कौतुक झाले. पण याच प्रेक्षकांतील अनेक तरुणींनी नोआच्या वागण्यावर बोट ठेवले. ‘चित्रपट आवडला, पण असा मित्र नको’ असा हा सूर होता. काहींनी तो किशोरवयात आवडीने पाहिला आणि काही वर्षांनी पुन्हा पाहताना तेच प्रसंग त्यांना खटकले. आवडणे आणि पटणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे हा प्रेक्षक जाणून होता. त्याला भाबडे समजणाऱ्या समीक्षकांची इथे गल्लत झाली. आणि प्रेक्षकसंख्येकडे बोट दाखवून टीका उडवून लावणाऱ्यांचीही.

आकड्यांत हा फरक का दिसत नाही?

कारण आकडे वेगळेच काही मोजतात. रॉटन टोमॅटोजवरील टक्केवारी म्हणजे चित्रपटाला मिळालेले गुण नव्हेत. एकूण परीक्षणांपैकी किती अनुकूल, एवढेच ती सांगते. नेटफ्लिक्सने २०१७ मध्ये पंचतारांकित मूल्यांकन बंद करून अंगठा वर किंवा खाली एवढाच पर्याय ठेवला आणि २०१८ मध्ये प्रेक्षकांची लेखी परीक्षणेही काढून टाकली. ‘आवडला, पण’ यातला ‘पण’ नोंदवायला तिथे जागाच उरली नाही.

‘पाहिला’ याची व्याख्याही बदलत गेली. आधी चित्रपटाचा ७० टक्के भाग पाहिल्यावर तो पाहिला असे धरले जाई. पुढे नेटफ्लिक्सने ही मर्यादा दोन मिनिटांवर आणली. जुलै २०२० मध्ये आलेला दुसरा भाग पहिल्या चार आठवड्यांत ६.६ कोटी घरांत पाहिला गेला, हा आकडा या दोन मिनिटांच्या हिशेबातला आहे. त्यात आवडीने पाहणारे आले, तसेच टर उडवण्यासाठी पाहणारे आणि पाचव्या मिनिटाला बंद करणारेही आले.

निर्मात्यांनी कोणाचे ऐकले?

आर्थिकदृष्ट्या प्रेक्षकसंख्येचे. समीक्षकांनी दुसऱ्या आणि ऑगस्ट २०२१ मध्ये आलेल्या तिसऱ्या भागालाही नापसंतच केले, तरी मालिका पूर्ण झाली. कथेत मात्र बदल दिसतो. तिसऱ्या भागाच्या अखेरीस एल ना नोआसोबत हार्वर्डला जाते, ना लीसोबत बर्कलीला. स्वतःच्या आवडीचा व्हिडीओ गेम डिझाइनचा अभ्यासक्रम ती निवडते. पहिल्या भागात दोन मुलांच्या मर्जीत अडकलेली नायिका इथे स्वतःचा निर्णय घेते. खुद्द एलोर्डीने २०२३ मध्ये ‘जीक्यू’ मासिकाला दिलेल्या मुलाखतीत हे चित्रपट आपल्याला करायचेच नव्हते, असे सांगितले. त्यावरूनही चाहत्यांत फूट पडली. कोणाला तो प्रांजळपणा वाटला, कोणाला ज्या मुलींनी त्याला तारा केले त्यांचा अवमान.

एवढ्या चर्चेचे कारण काय?

यात प्रश्न एका चित्रपटाचा नाही. २०१८ च्या उन्हाळ्यात नेटफ्लिक्सच्या प्रेमपटांपैकी किमान एक तरी ८ कोटींहून अधिक खात्यांवर पाहिला गेला, असे कंपनीने जाहीर केले. त्यात समीक्षकांनी नावाजलेला ‘टू ऑल द बॉइज आय हॅव लव्ह्ड बिफोर’ही होता. तीही शाळकरी प्रेमकथाच, मात्र तिच्यातला नायक धाकदपटशा करत नाही. म्हणजे हलकीफुलकी गोष्ट लोकप्रिय होण्यासाठी मालकी हक्क गाजवणारा नायक लागतोच, असे नाही.

भारतात नेटफ्लिक्सने जुलै २०१९ मध्ये केवळ मोबाइलसाठी १९९ रुपयांची योजना आणली आणि डिसेंबर २०२१ मध्ये ती १४९ रुपयांवर आणली. दिवाणखान्यातल्या टीव्हीवर घरच्यांसोबत पाहिले जाणारे प्रेमपट आता मुले हेडफोन लावून एकट्याने पाहतात. अशा वेळी मुलीने हा चित्रपट तिसऱ्यांदा लावला म्हणून नाक मुरडण्यात किंवा तो बंद करायला लावण्यात अर्थ नाही. त्यापेक्षा तिच्या शेजारी बसून तो पाहावा आणि नोआ गाडीवर हात आपटतो तेव्हा तिला काय वाटले, हे विचारावे. बहुधा तिचे मत आधीच तयार असेल, फक्त ते कोणी विचारलेले नसेल.