विश्लेषण : कॅराव्हॅन जोडून घाट ओलांडताना रस्ता कोणता निवडावा? चढापेक्षा उताराचा विचार आधी का?

राज्य सरकारने 2021 मध्ये कॅराव्हॅन पर्यटन धोरण आणले. स्वतःचे इंजिन असलेल्या वाहनांबरोबरच मोटारीमागे जोडून ओढता येणाऱ्या कॅराव्हॅन आणि कॅम्पर ट्रेलरचाही त्यात विचार झाला आहे. मुंबईकरांसाठी लोणावळा, पवना धरण हा परिसर जवळचा. पण वाटेत सह्याद्री आहे आणि मोबाइलवरचा नकाशा गाडीमागे काय जोडले आहे हे विचारत नाही. तो कमी वेळाचा रस्ता दाखवतो. ओढणीच्या वाहनाला मात्र सुरक्षित उताराचा रस्ता लागतो.

उतार जास्त धोक्याचा का?

लोणावळा समुद्रसपाटीपासून सुमारे 620 मीटर उंचीवर आहे, तर खोपोली घाटाच्या पायथ्याशी. दोन्हींत साधारण साडेपाचशे मीटरचा फरक आहे. चढताना ताकद कमी पडली तर गाडी मंदावते, इंजिन तापते. उतरताना चूक सुधारायला वेळच मिळत नाही. मोटार आणि ट्रेलर मिळून अडीच टन वजन एवढ्या उंचीवरून खाली आणताना जी ऊर्जा बाहेर पडते, तिच्यात सुमारे 40 लिटर पाणी उकळेल. सतत ब्रेक दाबून गाडी उतरवली तर यातली बरीच उष्णता ब्रेकमध्येच साठते आणि तापलेले ब्रेक धरेनासे होतात. म्हणून उतार सुरू होण्यापूर्वीच खालचा गिअर टाकून इंजिनाच्या ओढीने वेग रोखायचा असतो. इंधन वाचवण्यासाठी न्यूट्रलमध्ये गाडी सोडणे म्हणजे हा आधार स्वतःहून काढून घेणे.

रेल्वेने हा प्रश्न कसा सोडवला?

बोरघाटातला रेल्वेमार्ग 1863 मध्ये सुरू झाला. तिथे चढ 37 मीटरला एक मीटर इतका आहे. त्यामुळे आजही अनेक गाड्यांना कर्जतला मागून जादा इंजिने जोडतात. पण तयारी फक्त चढाची नाही. गाडी उतारावर अनावर झालीच तर तिला वळवून थांबवण्यासाठी घाटात चढावर जाणारे वेगळे रूळ ठेवलेले आहेत. रस्त्यावर मोटारचालकाला ही सोय स्वतःच करावी लागते, म्हणजे वेग कमी आणि पुढच्या वाहनापासून अंतर जास्त.

द्रुतगती मार्ग की जुना महामार्ग?

94.5 किलोमीटरच्या द्रुतगती मार्गावर प्रत्येक बाजूला तीन मार्गिका आहेत आणि वळणे तुलनेने मोठी आहेत. जुन्या महामार्गावर खोपोलीहून शिंग्रोबाच्या देवळाकडे चढणारी वळणे अरुंद आहेत. वळताना ट्रेलरची चाके मोटारीच्या चाकांपेक्षा आतून जातात. त्यामुळे अशा वळणावर ट्रेलर कठड्याला घासतो किंवा मोटार समोरच्या मार्गिकेत शिरते. या कारणाने द्रुतगती मार्ग सोयीचा ठरतो. मात्र तिथे अवजड ट्रक असतात, घाटात वेगमर्यादा कमी असते आणि काही अंतर जुन्या महामार्गाची वाहतूकही त्यातच मिसळते.

हाच भाग टाळण्यासाठी खोपोली ते कुसगाव असा 13.3 किलोमीटरचा ‘मिसिंग लिंक’ आखण्यात आला. दोन्ही मार्गांवर ट्रेलर जोडलेल्या वाहनाला प्रवेश आहे का, याची खातरजमा महामार्ग पोलिसांकडे आधीच करावी.

ताम्हिणी, माळशेजचे काय?

माणगावकडून येणारा ताम्हिणी घाट मुळशी, पौडमार्गे पुण्याकडे निघतो. कल्याण-मुरबाडकडून येणारा माळशेज जुन्नरकडे जातो. मावळात जायचे असेल तर दोन्ही वळसेच. शिवाय पावसाळ्यात धुके आणि दरडींचा धोका असतो. तो बोरघाटालाही चुकलेला नाही. जुलै 2015 मध्ये द्रुतगती मार्गावर आडोशी बोगद्याजवळ दरड कोसळली होती. मुसळधार पावसाचा इशारा असेल तर यातला कोणताही घाट न निवडणे हाच योग्य निर्णय.

पवना धरणाकडे कुठून वळावे?

खरी चूक अनेकदा घाट संपल्यावर होते. लोणावळ्याहून दुधिवरे खिंडीतून पवनानगरला जाणारा रस्ता नकाशावर जवळचा दिसतो. पण खिंडीतला उतार तीव्र आहे आणि समोरून बस आली तर ट्रेलर मागे घेणे कठीण. त्याऐवजी जुन्या महामार्गाने कार्ल्यावरून कामशेतला जाऊन तिथून पवनानगरकडे वळणे सोयीचे. अंतर वाढले तरी जिवावरचा उतार टळतो.

निघण्यापूर्वी काय तपासावे?

• ट्रेलरची परिवहन कार्यालयातील नोंदणी आणि विमा.
• मोटारीच्या पुस्तिकेत दिलेली ओढण्याच्या वजनाची मर्यादा. पाण्याची टाकी, गॅस आणि सामानाचे वजनही त्यात धरावे.
• जोडणीचा हूक, सुरक्षा साखळी, मागचे दिवे, टायरमधील हवा.
• जड सामान ट्रेलरच्या चाकांच्या आसपास आणि खाली. मागे वजन जास्त झाले तर उतारावर ट्रेलर झुलू लागतो.
• शनिवार-रविवारी लोणावळ्यात होणारी कोंडी. उतारावर थांबत-सरकत जाणेही ब्रेक तापवते. त्यामुळे पहाटे किंवा आठवड्याच्या मधल्या दिवशी निघावे.
• परतीचा मार्ग. मुंबईकडे येताना घाटाचा उतार प्रवासाच्या शेवटी, चालक दमलेला असताना येतो. म्हणून घाट सुरू होण्याआधी लोणावळ्यात थांबून विश्रांती घ्यावी, ब्रेक आणि जोडणी पुन्हा पाहावी आणि मगच खाली निघावे.