विकणं म्हणजे हरणं का? युती, विलीनीकरण आणि निर्गुंतवणूक समजून घेऊया



अकरावी वाणिज्यच्या वर्गात विलीनीकरण शिकवत होतो. "दोन कंपन्या एकत्र आल्या की खर्च वाचतो आणि मूल्य वाढतं," असं फळ्यावर लिहिलं. तेवढ्यात एका मुलीने विचारलं, "सर, बाबांची कंपनी दुसऱ्या कंपनीत विलीन झाली आणि त्यांची नोकरी गेली. मग मूल्य वाढलं कोणाचं?"

तास संपला, पण प्रश्न काही संपला नाही. तुमच्याही वर्गात किंवा घरात तो येऊ शकतो. म्हणून आज जरा सविस्तर पाहूया.

आधी मूल्य वाढतं म्हणजे काय ते पाहू. समजा, एका किराणा दुकानदाराकडे पिठाची गिरणी आहे. त्याचं सगळं लक्ष दुकानात, त्यामुळे गिरणी अर्धा दिवस बंदच असते. त्याच्या हातात तिची किंमत 1 लाख रुपये. शेजारी एका ताईंचं मसाला कांडप आहे. गिऱ्हाईक तेच, जागा तीच. म्हणून त्यांच्या हातात तीच गिरणी 1 लाख 40 हजारांची होते. सौदा 1 लाख 20 हजारांना झाला, तर दोघांनाही 20-20 हजारांचा फायदा. गिरणी बदलली नाही, हात बदलले. पण ताईंनी हौसेपोटी 1 लाख 60 हजार मोजले, तर त्यांचे 20 हजार बुडालेच!

म्हणजे प्रश्न दोनच: ही गोष्ट कोणाच्या हातात जास्त फुलेल? आणि त्यासाठी किती किंमत मोजली? आता तीन खरी उदाहरणं घेऊ.

1) निर्गुंतवणूक, म्हणजे आपला चालू व्यवसाय विकणे

लॅक्मे हा टाटांनी 1952 मध्ये सुरू केलेला सौंदर्यप्रसाधनांचा ब्रँड. 1991 नंतर बाजार खुला झाला, परदेशी ब्रँड येऊ लागले. साबण, पावडर गावोगावच्या दुकानांत पोहोचवणारं प्रचंड जाळं हिंदुस्थान लिव्हरकडे होतं. आधी दोघांनी मिळून संयुक्त कंपनी काढली आणि 1998 मध्ये टाटांनी लॅक्मे लिव्हरला विकून टाकलं. घरातलं सोनं विकल्यासारखंच वाटलं असेल अनेकांना! पण त्या पैशातून टाटा कपड्यांच्या दुकानांच्या धंद्यात उतरले. ट्रेंट ही कंपनी आणि वेस्टसाइडची दुकानं त्यातून उभी राहिली. त्याच ट्रेंटने पुढे झुडिओ काढलं. झुडिओ काय आहे, हे मुलांना सांगावं लागत नाही! लॅक्मेही लिव्हरकडे टिकलं, वाढलं. विकणं म्हणजे दरवेळी हरणं नव्हे, हे यातून छान कळतं.

2) युती, म्हणजे वेगळं राहून हातमिळवणी

पुण्याच्या बजाज ऑटोने 2007 मध्ये ऑस्ट्रियातल्या केटीएम या मोटारसायकल कंपनीत 14.5 टक्के हिस्सा घेतला. केटीएमकडे शर्यतीच्या गाड्यांचं तंत्र आणि नाव होतं. बजाजकडे कमी खर्चात भरपूर गाड्या बनवण्याचं कसब. चाकणच्या कारखान्यात लहान इंजिनाच्या केटीएम गाड्या तयार होऊन परदेशीही जाऊ लागल्या. 2012 मध्ये ड्यूक 200 भारतात आली. एकाकडे जे नव्हतं ते दुसऱ्याकडे होतं, म्हणून ही जोडी जमली. मात्र युतीत जोडीदाराचं दुखणंही आपल्या दारात येतं. 2024 च्या नोव्हेंबरमध्ये केटीएम कर्जामुळे दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली आणि तिला वाचवायला पुढच्या वर्षी बजाजला मोठी रक्कम उभी करावी लागली.

3) विलीनीकरण, म्हणजे दोन घरांचं एक घर

31 ऑगस्ट 2018 ला वोडाफोन इंडिया आणि आयडिया एक झाल्या. एकत्र ग्राहक 40 कोटींहून जास्त, त्या वेळी देशात सर्वांत मोठी मोबाइल कंपनी. पण 2016 मध्ये आलेल्या जिओच्या दरयुद्धाने दोघीही आधीच जेरीस आल्या होत्या आणि डोक्यावर कर्जाचा डोंगर होता. त्यात 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने सरकारची जुनी थकबाकी भरण्याचा बोजा आला. पुढच्या काही वर्षांत ग्राहक जवळपास निम्म्यावर आले. दोन थकलेले बैल एका जुवाला जुंपले म्हणून नांगर जोरात चालत नाही. नुसतं मोठं होणं म्हणजे मूल्य वाढणं नाही.

आता त्या मुलीच्या प्रश्नाकडे येऊ. विलीनीकरणात "खर्च वाचतो" असं आपण सहज म्हणतो. तो वाचतो कुठे? दोन हिशेब विभागांचा एक होतो, एकाच शहरातल्या दोन कार्यालयांपैकी एक बंद होतं. भागधारकांसाठी ही बचत असते; त्या टेबलावर बसणाऱ्या माणसासाठी तो पगार असतो. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत, आणि मुलांपासून दुसरी बाजू लपवू नये. जिथे बाजार वाढतो, नवा माल तयार होतो, नवे कारखाने चालतात, तिथे नव्या नोकऱ्याही येतात. जिथे फायदा फक्त कपातीतून येतो, तिथे एकाचं मूल्य दुसऱ्याच्या ताटातून आलेलं असतं.

वर्गात किंवा घरी एक छोटा उपक्रम करून पाहा. वर्तमानपत्रात अशा सौद्याची बातमी आली की मुलांना चार प्रश्न विचारा:

- कोणाकडे काय कमी होतं?
- एकत्र येऊन किंवा वेगळं होऊन नवीन काय तयार होणार आहे?
- किंमत जास्त मोजली गेली का?
- फायदा कोणाला होणार आणि झळ कोणाला बसणार?

दुसऱ्या दिवशी मी वर्गात तेच वाक्य पुन्हा फळ्यावर लिहिलं: "दोन कंपन्या एकत्र आल्या की मूल्य वाढू शकतं." "वाढतं"चं "वाढू शकतं" केलं आणि खाली एक शब्द जोडला, "कोणासाठी?" त्या मुलीने तो वहीत उतरवून घेतला. पुस्तकातली व्याख्या तर तिला पाठ होईलच; हा प्रश्नही तिच्या लक्षात राहावा, एवढंच वाटतं.