उघड्यावरील वायरलेस इंटरनेटसाठी केबल कोणती?

मध्य प्रदेशातील धार जिल्ह्यात, मांडूच्या वाटेवर नालछा हे गाव आहे. अशा ठिकाणी मनोऱ्यावरून वायरलेस लहरींनी इंटरनेट पोहोचवता येते. मात्र छतावरील अँटेना ते घरातील राउटर हा शेवटचा टप्पा केबलचाच असतो.

घरगुती केबलचे पीव्हीसी आवरण उन्हातील अतिनील किरणांनी ठिसूळ होऊन तडकते व पाणी आत शिरते. म्हणून बाहेर अतिनीलरोधक काळ्या पॉलिथिलीनचे आवरण हवे. अँटेनाला वीजही बहुधा याच केबलमधून मिळते. त्यामुळे तारा शुद्ध तांब्याच्या असाव्यात. तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची तार स्वस्त, पण तिचा विद्युतरोध अधिक. अंतर वाढले की विजेचा दाब घटतो आणि उपकरण अधूनमधून बंद पडू लागते. कॅट-५ई केबल १०० मीटरपर्यंत सेकंदाला १ गिगाबिट वेग देऊ शकते.

विजा कडाडणाऱ्या भागात धातूचे कवच असलेली केबल घ्यावी; मात्र कवचाला अर्थिंग नसेल, तर ते व्यर्थच. केबल भिंतीत शिरण्यापूर्वी तिला खाली झोळ द्यावा, म्हणजे पाणी तेथेच ठिबकते.

गोव्यातील दीर्घ पावसाळ्यात तर ही दक्षता अधिकच आवश्यक. केबलवर वाचवलेले पैसे भर पावसात छतावर चढण्याच्या जोखमीपुढे क्षुल्लक ठरतात.