शुद्ध पाणी : माणसाचे आणि माशाचे

'शुद्ध' हे विशेषण निरपेक्ष नव्हे. ते कोणाच्या दृष्टीने योजिले आहे हे कळल्यावाचून त्याचा अर्थ पुरा होत नाही. शब्दार्थविचारातला हा धडा प्रस्तुत लेखकास ऐन पावसाळ्यात विभागाच्या वाचनकक्षातील मत्स्यपेटीने दिला. पेटीतील निम्मे पाणी काढून थेट नळाचे पाणी भरले. सकाळी सातांपैकी पाच मासे मेलेले आढळले. पाणवनस्पती मात्र टवटवीत होत्या, म्हणून खरे कारण ध्यानी येण्यास विलंब लागला. दोष सर्वस्वी लेखकाचा.

नळाच्या शेवटच्या टोकापर्यंत पाणी निर्जंतुक राहावे म्हणून, भारतीय मानकानुसार, क्लोरीन घातलेल्या पाण्यात तो तेथेही दर लिटरला निदान ०.२ मिलिग्रॅम मुक्त स्वरूपात उरावा लागतो. पावसाळ्यात पाणी गढुळते तेव्हा त्याची मात्रा वाढवितात. माणसाच्या जठरास हे बाधत नाही. माशाच्या कल्ल्यांत मात्र पाणी आणि रक्त यांच्यामध्ये केवळ एक तलम पापुद्रा असतो, आणि क्लोरीन नेमका तोच जाळतो. शिवाय वाळूत वसलेले, अमोनियाचे नायट्रेटमध्ये रूपांतर करणारे उपकारक जंतूही त्याने मरतात.

आपल्या घरांतून 'शिळे' पाणी सकाळी ओतून देण्याची रीत आहे. माशांस हवे असते ते हेच शिळे पाणी! पसरट भांड्यात चोवीस तास उघडे ठेविले, अधूनमधून ढवळले, की बहुतेक क्लोरीन उडून जातो. घाई असल्यास सोडियम थायोसल्फेट वापरावे. एक भाग क्लोरिनास त्याचे सुमारे सात भाग स्फटिक लागतात. १० ग्रॅम स्फटिकांचे १०० मिलिलिटर द्रावण केले, तर क्लोरीन दर लिटरला ०.५ मिलिग्रॅम असता २० लिटरच्या बादलीस ०.७ मिलिलिटर पुरते; एक मिलिलिटर घालणे सुरक्षित.

क्लोरामाइनची गोष्ट निराळी. सॅन फ्रान्सिस्को शहराने २००४ साली याचा अवलंब केला. ते असे सहज उडून जात नाही. थायोसल्फेटने त्यातील क्लोरीन जातो, परंतु अमोनिया मोकळा होतो. पाणी अल्कधर्मी व उष्ण असेल तर तो अधिक विषारी. दाट वाढलेल्या वनस्पती तो अन्न म्हणून शोषितात. नुकत्याच लावलेल्या रोपांवर मात्र ही भिस्त ठेवू नये. अशा ठिकाणी औषधाची बाटली घेताना, ते केवळ क्लोरीन घालविते की अमोनियाही बांधून ठेविते, हे वाचून पाहावे.